मांजराचीं नखें आणि मालकाचें ममत्व

विश्वबंधुत्व, जागतिक शांतता, मनुष्यजातीचें भवितव्य यांसारख्या विषयांवर मत देण्यास आपल्यांतील सुशिक्षित मनुष्य अष्टौप्रहर सिद्ध असतो; परंतु घरांतील मांजराच्या पेटींतली घाण कोणीं उचलावी, असा प्रश्न त्याच घरांत निघाला कीं त्याची वाणी एकाएकीं मूक होते व तो वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरतो. नीतिशास्त्राचें अध्यापन करण्यांत माझें बहुतेक आयुष्य गेलें आहे, आणि त्या अनुभवावरून मला असें वाटूं लागलें आहे कीं मनुष्याची खरी परीक्षा दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांतच होते. पहिल्या प्रकारांत मत दिलें कीं कर्तव्य संपतें. दुसऱ्यांत तें तेथून सुरू होतें. म्हणून मांजर पाळणाऱ्या गृहस्थापुढें उभे राहणारे दोन प्रश्न मी येथें विचारार्थ घेणार आहें. त्याच्या मलमूत्रासाठीं घरांत काय ठेवावें हा एक. आणि त्याच्या नखांनीं घरांतील वस्तु फाटत असल्यास तीं नखें कायमचीं नाहींशीं करण्याचा आपल्याला अधिकार आहे काय, हा दुसरा. वरवर पाहतां यांचा परस्परांशीं फारसा संबंध दिसत नाहीं. तो कसा आहे हें पुढें येईलच.

तुमसर हें धानाचें गांव. वैनगंगेच्या खोऱ्यांतील धान येथल्या बाजारांत येतें, येथल्या गिरण्यांत भरडलें जातें आणि तांदूळ होऊन बाहेरगांवीं रवाना होतें. जेथें धान तेथें उंदीर आणि जेथें उंदीर तेथें मांजर, ही परंपरा केवळ आमच्या गांवापुरती नाहीं. मनुष्य व मांजर यांच्या संबंधाचा साराच इतिहास एवढ्या एका वाक्यांत येतो. आफ्रिकेच्या उत्तरेकडील व पश्चिम आशियांतील रुक्ष प्रदेशांत फिरणारें एक रानमांजर, मनुष्यानें धान्य सांठविण्यास आरंभ केल्यावर, उंदरांच्या मागोमाग त्याच्या कोठारांत आलें. सायप्रस बेटांत सुमारें साडेनऊ हजार वर्षांपूर्वींच्या एका दफनांत मनुष्याच्या शेजारीं मांजराचा सांगाडा मिळाला असून त्याचा वृत्तांत २००४ सालीं प्रसिद्ध झाला. बैलाला आपण धरून आणलें व जुंपलें. मांजर मात्र आपण होऊन आलें आणि आपल्याच मर्जीनें राहिलें. त्याच्याशीं झालेला करार तोंडी होता व बराच ढिलाही होता. तें उंदीर मारी. आपण त्याला हांकून लावीत नसूं. दूध मिळालें तर वाटींतून पिई, न मिळालें तर शिंक्यावरून घेई. देहधर्मासाठीं परसांतली मऊ माती, राखेचा उकिरडा किंवा धानाच्या तुसांचा ढीग असे. नखें घासण्यास आंब्याचें खोड असे. या कराराचा भंग दोन्ही पक्षांकडून रोज होई, पण त्यापायीं कोणी कोणाचें अंग कापीत नसे.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हा करार आमच्या येथेंही बदलला. कौलारू घरें जाऊन सिमेंटचीं आलीं, परसांत फरशी बसली, खिडक्यांस जाळ्या लागल्या. नागपूर-पुण्याच्या सदनिकांत तर मातीचा संबंध तुळशीच्या कुंडीपुरताच उरला. मांजर आतां उंदरांकरितां पाळलें जात नाहीं, सोबतीकरितां पाळलें जातें. आणि रस्त्यावरचीं वाहनें, कुत्रीं व रोगराई यांपासून तें जपावें म्हणून दार बंद ठेवलें जातें. या बंद दारास माझा विरोध नाहीं. घरांत राहणारें मांजर भटकणाऱ्या मांजरापेक्षां बहुधा अधिक वर्षें जगतें, आणि अंगणांतल्या चिमण्यांचेंही त्यांत कल्याणच आहे. परंतु दार कोणीं लावलें हें विसरतां कामा नये. तें मांजरानें लावलेलें नाहीं. दार लावतांक्षणींच आपण त्याच्यापासून दोन वस्तु काढून घेतल्या, एक माती आणि दुसरी झाड. ज्यानें त्या काढून घेतल्या त्यानेंच त्या कोणत्या ना कोणत्या रूपानें परत करावयास पाहिजेत. पेटींतील वाळू ही परत केलेली माती होय, आणि नखें घासण्याचा खांब हें परत केलेलें झाड होय. अशा व्यवहारास आपल्याकडे उपकार म्हणत नाहींत, फेड म्हणतात.

आतां माती कशाच्या रूपानें परत करावी? थंड देशांतील लोक पूर्वीं पेटींत राख, वाळू किंवा लाकडाचा भुसा घालीत. १९४७ सालीं अमेरिकेच्या मिशिगन राज्यांत एडवर्ड लो नांवाच्या गृहस्थानें, कारखान्यांतील सांडलेलें तेल टिपण्याकरितां विकली जाणारी कोरडी दाणेदार माती आपल्या एका शेजारणीस राखेऐवजीं देऊन पाहिली, आणि त्यांतून एक मोठा धंदा उभा राहिला. ही माती म्हणजे आपल्याकडे बायका चेहऱ्यास लावतात त्या मुलतानी मातीचीच जात. पुढें १९८० नंतरच्या दशकांत बेंटोनाइट नांवाची माती पुढें आली. ती ओलसर होतांच फुगते व तिचा गोळा बांधला जातो, त्यामुळें तेवढाच गोळा उचलून टाकतां येतो. आज दुकानांत ‘कॅट लिटर’ या नांवानें जें विकलें जातें तें बहुतेक हेंच, आणि ही माती आपल्या कच्छांत विपुल निघते. ती सोयीची आहे यांत शंका नाहीं. तिची बारीक धूळ मात्र मनुष्याच्या व मांजराच्याही छातीस बरी नव्हे. आणि लहान पिलें जें दिसेल तें तोंडांत घालीत असल्यामुळें त्यांच्यापुढें ही फुगणारी माती ठेवूं नये.

तुमसरच्या मनुष्यास ही विकतची माती साहजिकच खटकते. धानाच्या वजनाचा सुमारें पांचवा हिस्सा तुसांचा असतो. आमच्या गिरण्यांमागें त्यांचे ढीग पडलेले असतात, आणि कोंबड्यांच्या खुराड्यांत तींच तुसें अंथरली जातात. मग मांजरास तीं कां चालूं नयेत? चालतात, पण जेमतेमच. तुसाचें कवच कठीण व गुळगुळीत असतें. तें मूत्र लवकर शोषीत नाहीं. मांजरानें उकरलें कीं हलकीं तुसें घरभर उडतात, आणि त्यांचीं टोकें तळव्यांस टोंचतात. तुसांची राख शोषून घेते खरी, परंतु ती पायांस चिकटते आणि मांजर तर आपले पाय दिवसांतून दहा वेळां चाटतें. नदीची वाळू बहुतेक मांजरांस मनापासून आवडते; त्यांचे पूर्वज रुक्ष प्रदेशांतले, तेव्हां यांत नवल नाहीं. पण वाळू जड असते, दुर्गंधि धरून ठेवते व वरचेवर बदलावी लागते. (वैनगंगेच्या वाळूवर सध्यां मांजरांपेक्षां फार मोठ्या नखांची धाड पडलेली आहे, तो विषय येथें नको.) वखारींतला भुसा स्वस्त व बरा, मात्र तो रंग किंवा औषध लावलेल्या लाकडाचा नसावा. माझें स्वतःचें मत बारीक, कोरड्या, वासरहित मातीच्या बाजूचें आहे. पण माझ्या मताला येथें काडीची किंमत नाहीं. दोन पेट्यांत दोन पदार्थ घालून शेजारीं शेजारीं ठेवावे आणि आठवडाभर पाहावें. ज्याच्यासाठीं वस्तु घ्यावयाची त्याचा कौल घेण्याची ही पद्धत घरांतल्या इतर मंडळींच्या बाबतींतही उपयोगी पडेल.

सुगंधी मातीची गोष्ट मात्र निराळी. गुलाब-मोगऱ्याचा वास घातलेली माती ही मांजराच्या सोयीसाठीं नसून यजमानाच्या नाकासाठीं असते, आणि मनुष्याहून कितीतरी तीक्ष्ण घ्राणेंद्रिय असलेलें मांजर कित्येकदां त्या पेटीकडे पाठ फिरवून पलंगाखालीं जातें. मग यजमान म्हणतो, मांजर वाईट खोडीचें आहे! पेटी लहान असणें, ती जेवणाच्या वाटीशेजारीं ठेवणें, तीन मांजरांत एकच पेटी असणें हींही अशींच कारणें. जितकीं मांजरें त्याहून एक पेटी अधिक, असें पशुवैद्य सांगतात. २०२५ च्या फेब्रुवारींत पुण्याच्या हडपसर भागांत एका सदनिकेंत तीनशेंहून अधिक मांजरें ठेवल्याची तक्रार शेजाऱ्यांनीं केली, आणि दुर्गंधीचा तो प्रश्न पशुसंवर्धन खात्यापर्यंत गेला. तेथें प्रेमाची उणीव होती असें मी म्हणणार नाहीं. उणीव बहुधा अंकगणिताची असावी.

परंतु पेटींत काय घालावें यापेक्षां तींतून काढावें कोणीं, हा प्रश्न अधिक अवघड आहे. विष्ठा रोजच्या रोज उचलावी लागते. आणि हा केवळ स्वच्छतेचा दंडक नव्हे. टॉक्सोप्लाझ्मा नांवाचा एक सूक्ष्म परोपजीवी कांहीं मांजरांच्या विष्ठेंतून बाहेर पडतो. तो ताजा असतांना संसर्गक्षम नसतो. एक ते पांच दिवसांत तसा होतो. म्हणून रोज उचललेल्या पेटीपासून भय फार थोडें, आणि चार दिवस तशीच राहिलेल्या पेटीपासून बरेंच. गर्भवती स्त्रीनें तर हें काम करूंच नये, कारण पोटांतल्या बाळास त्यापासून इजा होऊं शकते. आतां आपल्या मध्यम स्थितींतील घरांत काय होतें? मांजराचें नांव मुलांनीं ठेवावयाचें, त्याचे फोटो वडिलांनीं काढावयाचे, दूध आईनें घालावयाचें, आणि पेटी? ती धुण्याभांड्याच्या बाईकडे जाते. तिला विचारलेलें नसतें. पगारांत वाढ झालेली नसते. तिला दिवस गेले आहेत कीं काय याची चौकशीही कोणीं केलेली नसते.

ज्या देशांत मनुष्याचा मैला मनुष्याकडून वाहविण्याची प्रथा बंद करण्यासाठीं १९९३ सालीं एक आणि तो अपुरा पडल्यामुळें २०१३ सालीं दुसरा कायदा करावा लागला, त्या देशांत ही गोष्ट किरकोळ म्हणून सोडून देतां येत नाहीं. रत्नागिरीच्या तुरुंगांत सफाईचें काम आपणांस करूं द्यावें म्हणून अप्पासाहेब पटवर्धनांनीं १९३२ सालीं अन्न सोडलें, आणि येरवड्याच्या तुरुंगांतून गांधीजींनीं त्यांच्या पाठिंब्यासाठीं उपवास आरंभिला. आमच्या वऱ्हाडांतले गाडगेबाबा ज्या गांवीं कीर्तन करावयाचें तें गांव आधीं स्वतः झाडीत. या थोरांचीं चित्रें आपण दिवाणखान्यांत लावतों आणि त्या चित्रांखालीं ठेवलेली मांजराची पेटी मात्र दुसऱ्याकडून उचलवितों. पगार घेऊन, राजीखुशीनें कोणी हें काम करीत असल्यास त्यांत पाप आहे असें माझें म्हणणें नाहीं. पण ज्या प्राण्यास मी ‘माझें’ म्हणतों त्याच्या विष्ठेस ‘माझी’ म्हणावयास लाजत असेन, तर माझें तें ममत्व अर्धवट आहे. प्रेमाचें सुख आपल्याकडे व त्याचा खर्च दुसऱ्याच्या अंगावर, अशी ही वांटणी. दुसऱ्या प्रश्नांतही हीच वांटणी दिसते, फक्त तेथें ज्याच्या अंगावर खर्च पडतो तें अंग मांजराचेंच असतें.

माझी एक भाची नवऱ्याच्या नोकरीनिमित्त अमेरिकेंत राहते. तेथें नवीन घर भाड्यानें घेतांना, मांजर आणावयाचें असेल तर त्याच्या पुढच्या पायांचीं नखें काढलेलीं असलीं पाहिजेत, अशी अट घरमालकानें घातली. तिनें मला विचारलें, “मामा, तुम्ही मुलांना नीतिशास्त्र शिकवतां ना? मग सांगा. भूल देऊन करतात, चार दिवसांत बरें होतें, असें इथें म्हणतात. घर सोडूं कीं नखें काढूं?” प्रश्न विनोदानें विचारलेला नव्हता, त्या घरापासून नवऱ्याची कचेरी व मुलाची शाळा दोन्ही पायीं जाण्याच्या अंतरावर होतीं.

येथें प्रथम शब्दाचाच घोटाळा दूर केला पाहिजे. मराठींत ‘नखें काढणें’ म्हटलें कीं न्हाव्याची नराणी डोळ्यांसमोर येते. नखें वाढतात, आपण काढतों, पुनः वाढतात. त्या शस्त्रक्रियेचा याच्याशीं कांहीं संबंध नाहीं. मांजराचें नख बोटाच्या अगदीं शेवटच्या हाडापासून उगवतें. तें पुनः येऊं नये म्हणून तें हाडच सांध्यापासून छाटावें लागतें. मनुष्याच्या हाताच्या भाषेंत सांगावयाचें तर प्रत्येक बोटाचें शेवटचें पेर, आणि पुढच्या दोन पायांचीं मिळून अशीं दहा पेरें. शस्त्र पोलादाचें असो कीं प्रकाशकिरणांचें, तोडावयाचें तें तेंच. शिवाय मांजर आपल्यासारखें टांचेवर चालत नाहीं, बोटांवर चालतें. म्हणजे ज्या अवयवावर सारें शरीर तोललेलें आहे त्याचेंच टोंक जातें. हाड शाबूत ठेवून नुसती शीर तोडण्याचाही एक प्रकार आहे; त्यांत नख राहतें पण बाहेर काढतां येत नाहीं, आणि झिजत नसल्यामुळें तें वाढून तळव्यांत रुतूं शकतें.

आणि येथेंच पेटीचा प्रश्न पुनः पुढें येतो. अशीं मांजरें तपासून पाहणाऱ्या पशुवैद्यांना त्यांच्यांत पाठदुखी, चावण्याची खोड आणि पेटीबाहेर घाण करणें हीं अधिक प्रमाणांत आढळलीं आहेत. दुखऱ्या बोटांनीं खरखरीत माती उकरण्यापेक्षां तें बिचारें गादीवर जातें. कोच वांचविण्यासाठीं बोटें कापलीं आणि गादी गेली. नखांचें भय घालविलें आणि दांतांचें आलें. पुढें कंटाळून कोणी त्यास घराबाहेर सोडलें, तर झाडावर चढण्याचें साधनही त्याच्यापाशीं उरलेलें नसतें.

युरोपांतील राष्ट्रांनीं १९८७ सालीं स्ट्रासबर्ग येथें केलेल्या पाळीव प्राण्यांविषयींच्या करारांत ही शस्त्रक्रिया निषिद्ध मानली आहे. अमेरिकेंत मात्र ती दीर्घकाळ सर्रास चालत आली. तेथें वेस्ट हॉलिवुड शहरानें २००३ सालीं व न्यूयॉर्क राज्यानें २०१९ सालीं तिच्यावर बंदी घातली. आणि भाचीच्या घरमालकासारख्या मंडळींकरितांच कीं काय, कॅलिफोर्निया राज्यानें २०१२ सालीं कायदा करून भाडेकरूवर अशी अट लादण्यास मनाई केली. दुर्दैवानें भाची त्या राज्यांत राहत नाहीं. आपल्या देशांत ही शस्त्रक्रिया फारशी रूढ नाहीं. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांनीं झालेल्या १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यांत मांजराच्या नखांचा स्पष्ट उल्लेख नाहीं. परंतु प्राण्याचा अंगभंग करणें हा त्याच्या अकराव्या कलमानें गुन्हा ठरतो.

तेंच कलम पुढें वाचलें तर मात्र आपला अभिमान थोडा ओसरतो. गुरांचीं शिंगें काढणें, बैल खच्ची करणें, डाग देणें व वेसण घालणें यांस, तीं विहित पद्धतीनें केलीं असतां, त्या कलमानें सूट दिलेली आहे. माझे एक सहकारी मोहाडीकडच्या शेतकरी घराण्यांतले. त्यांच्यापुढें मीं हा विषय काढला तेव्हां ते म्हणाले, “सर, मांजराच्या दहा नखांचें तुम्हांला वाईट वाटतें, पण ज्या बैलाच्या नाकांतून दोरी ओवली त्याच्या कष्टाचा भात तुम्ही जन्मभर खाल्ला आहे.” हा टोमणा झटकून टाकण्यासारखा नाहीं. शेतकऱ्याच्या वेसणीस दोष न देतां अमेरिकेंतल्या भाडेकरूच्या शस्त्रक्रियेस दोष देणें, हा पांढरपेशांचा सोंवळेपणा तर नव्हे?

मला यावर असें वाटतें. पूर्वींच्या शेतकऱ्यापुढें पर्याय नव्हता. वेसणीशिवाय नांगर नाहीं आणि नांगराशिवाय अन्न नाहीं. त्यानें बैलापासून कांहीं तरी घेतलें हें तो जाणतही होता. पोळ्याच्या आदल्या दिवशीं बैलाचे खांदे लोण्या-हळदीनें मळणारा मनुष्य आपलें ऋण फिटलें असें समजत नाहीं. तें आहे एवढें तो कबूल करतो. ज्या दिवशीं पर्याय उपलब्ध होतो त्या दिवसापासून ही सबब ढिली पडूं लागते, आणि आमच्या भागांतील शंकरपटासारख्या करमणुकीस ती मुळींच लागू पडत नाहीं, मग २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अशा शर्यती बंद केल्या आणि २०२३ सालीं त्याच न्यायालयानें सुधारलेल्या कायद्याखालीं त्यांस संमति दिली तरी. न्यायालयाची संमति आणि विवेकाची संमति या दोन निराळ्या कचेऱ्यांतून मिळतात. कोचाच्या बाबतींत तर पर्याय पहिल्या दिवसापासूनच हजर आहे.

याहून कठीण आक्षेप संततिनियमनाचा. मांजराचें निर्बीजीकरण करावें असें मी स्वतः सर्वांस सांगतों. तेंही शरीर कापणेंच आहे. त्यासही मांजराची संमति नसते. मग एक छेद योग्य आणि दुसरा अयोग्य, हें कसें? पिलांची उपासमार टळते, मादीला स्तनाच्या गांठींचें भय कमी होतें, हीं उत्तरें खरीं आहेत. पण मला त्यांहून महत्त्वाचा वाटतो तो भेद निराळा. निर्बीजीकरणानें साधनाबरोबर वासनाही बहुतांशीं जाते. नखें छाटलेल्या मांजराची वासना मात्र तशीच राहते. नख घासणें ही त्याची खोडी नाहीं. त्यानें तें नखाचें जुनें कवच टाकतें, पाठीचा कणा ताणतें, आणि तळव्यांतल्या गंधानें आपल्या जागेवर खूण करतें. नखें गेल्यावरही तें खांबापाशीं जाऊन थोट्या पायांनीं तीच हालचाल करीत राहतें. इच्छा ठेवून तिची पूर्ति तेवढी काढून घेणें याला काय म्हणावें, हें मला नीतिशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथांत सांपडलेलें नाहीं. माझ्या या उत्तरानें निर्बीजीकरणाविषयींची सारी रुखरुख जाते असें नाहीं. ती राहूं द्यावी.

पाश्चात्य तत्त्वज्ञांचा आधार येथें पुरत नाहीं. पशु म्हणजे यंत्र असें मानणाऱ्या देकार्तशीं वाद घालण्यांत अर्थ नाहीं. पशूंशीं क्रूरपणें वागणारा मनुष्य पुढें माणसांशींही निष्ठुर होतो, म्हणून क्रौर्य टाळावें, असें कांटचें म्हणणें; पण भूल देऊन, कुशल हातांनीं, डोळ्यांत पाणी आणून नखें काढविणारी गृहिणी निष्ठुर कोठें होते? ती तर घरीं नेऊन त्याला मऊ गादी देते. बेंथमनें १७८९ सालच्या आपल्या ग्रंथांत बुद्धीपेक्षां वेदनेची कसोटी पुढें आणली, आणि ती पुष्कळ चांगली आहे. परंतु उद्यां वेदना शून्यावर आणणारें औषध निघालें तर ती कसोटी गप्प बसेल, आणि मला तेव्हांही तें कृत्य अयोग्यच वाटेल. दोघांनीं एका घरांत राहावयाचें तर कोणाला तरी आपला आकार थोडा बदलावा लागतो. घराचा, सामानाचा, संवयीचा आकार बदलणें जोंवर शक्य आहे, तोंवर दुबळ्याच्या देहाचा आकार बदलूं नये, एवढेंच मला म्हणावयाचें आहे.

आपल्या परंपरेंत मांजर हें षष्ठीदेवीचें, आपल्या सटवाईचें, वाहन. मांजर मारल्यास काशीस सोन्याचें मांजर द्यावें लागतें हें भय आमच्या आजीच्या पिढीपर्यंत खरोखरीचें होतें. मनुस्मृतींतही त्यास प्रायश्चित्त आहे, परंतु तें शूद्रहत्येच्या प्रायश्चित्ताइतकें सांगितलें आहे, हें वाचल्यावर त्यांतल्या भूतदयेचें कौतुक करण्याची इच्छा उरत नाहीं. मला त्यापेक्षां भक्तिमार्गांतला मार्जारन्याय जवळचा वाटतो. मांजरी ज्या दांतांनीं उंदीर फोडते त्याच दांतांत पिलाची मान धरते, आणि पिलाच्या अंगावर ओरखडाही उठत नाहीं. शस्त्र बाळगणें आणि तें आंवरणें या दोन्ही कला तिच्या ठायीं एकत्र नांदतात. चालतांना तिचीं नखें आंतच असतात.

राहतां राहिला व्यवहार. तो इतका सोपा आहे कीं त्यावर फार लिहिणें नलगे. दोन-तीन आठवड्यांनीं नखाचें टोंक तेवढें कापावें; उजेडांत धरल्यास आंतील रक्ताचा गुलाबी भाग दिसतो, त्याला धक्का लावूं नये. खांब तीन फुटांच्या आसपास उंच व न डगमगणारा असावा, म्हणजे मांजराला पूर्ण ताण देतां येतो. तुमसरांत तो विकत घेण्याचें कारणच नाहीं. गिरणीचा जुना बारदाना किंवा काथ्याची दोरी एका ओंडक्यास घट्ट गुंडाळली कीं झालें. तो अडगळींत न ठेवतां ज्या कोचावर मांजराचा डोळा आहे त्याच्याच शेजारीं ठेवावा. कोचाच्या कडेस दोन्ही बाजूंनीं चिकटणारी पट्टी लावावी. आंधळगांवचें कोशाचें लुगडें असेल तर तें कपाटांत ठेवावें. आपण मुलांपासूनही तें तसेंच ठेवतों. नखांवर चिकटविण्याच्या मऊ टोप्याही मिळतात, त्या महिना-दीड महिना टिकतात. मला त्या हास्यास्पद वाटतात, पण हसें होणें हा अंगभंग नव्हे. घरांत रक्त पातळ करण्याचें औषध घेणारे वृद्ध असतील किंवा कोणाची रोगप्रतिकारशक्ति क्षीण असेल, तर काळजी अधिक हवी हें खरें. अशांच्या बाबतींतही अमेरिकेंतील आरोग्यखात्याच्या सूचना नखें छाटा असें सांगत नाहींत; मांजराशीं दांडगा खेळ टाळा, ओरखडा उठल्यास लगेच धुवा आणि पिसवा होऊं देऊं नका, असें सांगतात.

भाचीला मीं लिहिलें कीं घरमालकाला हें सारें दाखव, अनामत रक्कम अधिक देऊं कर, न मानल्यास दुसरें घर पाहा. आणि तेंही न साधलें तर मांजर नखांसकट दुसऱ्या कोणास देऊन टाक. हें शेवटचें वाक्य तिला फार लागलें. नखें गेलीं तरी तें निदान माझ्यापाशीं तर राहील, असें तिचें म्हणणें. मीं उत्तर पाठविलें कीं तुझ्यापाशीं राहण्याची किंमत दहा पेरें आहे काय, आणि असल्यास ती कोणीं द्यावयाची, हें तूंच ठरव. त्यावर पंधरा दिवस तिच्याकडून कांहींच आलें नाहीं. नंतर आलेल्या मजकुरांत मांजराचा उल्लेख फक्त शेवटीं होता. कचेरीपासून पाऊण तासाच्या अंतरावर एक घर मिळालें आहे, शाळेकरितां बसची सोय पाहावयाची आहे, सामानाचीं खोकीं बांधून तयार आहेत, आणि त्यांतल्या पुस्तकांच्या खोक्याचा एक कोपरा मांजरानें नखांनीं पार पिंजून काढला आहे.